कंबरदुखी : मालिश, कपिंग की सुई? बायांनी पैसे कशावर खर्च करावेत

तिगाव (पांढुर्णा) : कापसाची वेचणी सुरू झाली की तिगाव परिसरातल्या बायांच्या कमरा दुखायला लागतात. दिवसभर वाकून बोंडं वेचायची, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत जायचं, घरी आल्यावर पुन्हा चूल आणि पाणी. वेचणीच्या आधी निंदण असतंच. ‘चमक भरली’, ‘कंबर धरली’ हे शब्द घरोघरी ऐकू येतात. मग कोणी मालिशवालीला बोलावते, कोणी नस बसवणाऱ्याकडे जाते, कोणी पायाळू माणसाची लाथ घेते. आता मोबाईलवर कपिंग आणि सुयांचे व्हिडिओही दिसतात. उपचारासाठी नागपूर गाठलं तर भाडं लागतं आणि मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून यातलं काय खरंच उपयोगाचं, हे समजून घेणं गरजेचं आहे.

दुखणं एकट्या-दुकट्याचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. पुरुषांपेक्षा बायांमध्ये हे प्रमाण जास्त आहे.

कोणत्या उपचारात काय करतात?

हे सगळे उपचार हाडावर नाही, तर स्नायू आणि त्यांच्यावरच्या पातळ आवरणावर केले जातात.

• मालिश : तेल लावून चोळणं, दाबणं. स्नायू सैल होतात, शरीर शांत होतं.
• मायोफेशियल रिलीज : घाई न करता, एकाच जागी हळूहळू ताण देत आवरण मोकळं करणं.
• ट्रिगर पॉइंट : स्नायूतली दुखरी गाठ शोधून तिथेच दाब देणं.
• ड्राय नीडलिंग : त्याच गाठीत औषध नसलेली बारीक सुई घालणं. सुई नवी, निर्जंतुक आणि हात शिकलेला असलाच पाहिजे.
• कपिंग : वाटीने कातडी ओढून धरणं. गोल काळसर डाग काही दिवस राहतात.

‘नस सरकली’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा नस जागेवरच असते. स्नायू आखडलेला असतो. तो सैल झाला की ‘नस बसली’ असं वाटतं.

महागडं तेच चांगलं का?

अमेरिकेतल्या सिएटल भागात ४०१ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायांची संख्या जास्त होती. एका गटाला साधी आराम देणारी मालिश, दुसऱ्याला दुखऱ्या भागावर खास तंत्राची मालिश, तर तिसऱ्याला नेहमीचे उपचार मिळाले. १० आठवड्यांनी मालिशच्या दोन्ही गटांत एक तृतीयांशाहून जास्त लोक म्हणाले, दुखणं खूप कमी झालं किंवा गेलं. नेहमीच्या उपचारांच्या गटात असं म्हणणारे २५ मध्ये एक होते. साधी आणि खास मालिश यांत मोठा फरक दिसला नाही. वर्षभरात मात्र फायदा ओसरत गेला.

मालिशने आराम पडतो हे खरं, पण तो टिकाऊ नाही. आणि त्यासाठी महागडंच तंत्र हवं, असंही नाही.

टिकणारा उपाय कोणता?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आणि मालिश यांना जागा आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंडचा शेक आणि करंट देणारं टेन्स मशीन नेहमीसाठी नको, असं त्यात म्हटलं आहे. याच गोष्टींवर लोकांचे हजारो रुपये जातात.

चालण्याचा फायदाही तपासला गेला आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला ७०१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून बरे झालेल्यांपैकी जे शिकवल्याप्रमाणे नियमित चालले, त्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी परत आलं. जे चालले नाहीत त्यांचं ११२ दिवसांनीच.

‘वावरात दिवसभर राबतोच, अजून कशाला चालायचं?’ असं बाया म्हणतील. पण वाकून, वजन घेऊन केलेलं काम वेगळं आणि ताठ, मोकळं चालणं वेगळं. सोबत दोन सोपे व्यायाम घरीच होतात. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर हळू वर उचलायची. हात-गुडघ्यांवर येऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करायची. १० वेळांपासून सुरुवात करावी, दुखणं वाढलं तर थांबावं. वेचणी करताना अधूनमधून उभं राहून पाठ सरळ करावी, ओटी जड व्हायच्या आधीच रिकामी करावी. नुकतीच चमक भरली असेल तर गरम शेक द्यावा आणि झेपेल तेवढं हलत राहावं. बहुतेक चमक काही आठवड्यांत आपोआप कमी होते.

इथे मालिश नको, आधी डॉक्टर

• लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावं.
• ताप, वजन घटणं, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर तपासणी करावी. मणक्याचा टीबीही असू शकतो.
• पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं.
• पाळी गेलेल्या बायांची हाडं ठिसूळ असू शकतात. पाठीवर पाय देणं किंवा पायाळूची लाथ यांनी मणका मोडू शकतो.
• बाळंतपणानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये. आत रक्ताची गाठ असू शकते.
• गरोदरपणात पोटावर जोराची मालिश नको, पालथं झोपवणंही नको.

पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारावा : ‘घरी करायचा व्यायाम शिकवाल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर एक-दोन खेपांचा खर्च कामी येईल. नुसतं ‘दहा वेळा या’ असं सांगितलं, तर तेवढा आराम घरच्या तेल-मालिशनेही मिळू शकतो.