डिसोजा, परेरा, लोपीस... उत्तनच्या किनाऱ्यावर ही आडनावं आली कुठून? अर्थ काय?

‘आडनाव डिसोजा, म्हणजे तुम्ही मूळचे गोव्याचे ना?’ मिरा-भाईंदरमधल्या उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांतल्या ख्रिस्ती कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. अनेक घरांत बोली कोळी वळणाची मराठी, पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय मासेमारी किंवा शेती आणि आडनाव मात्र पोर्तुगीज. हे कसं घडलं?

आडनावं कधी आली?
१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहाने तह करून वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढची दोनशे वर्षं इथे त्यांची सत्ता होती. या काळात ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा धर्मगुरूचं आडनाव मिळे. म्हणजे आडनाव पोर्तुगालचं असलं, तरी पूर्वज तिथून आले होते असं नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली.

अर्थ काय?
- शेवटी ‘एस’ म्हणजे अमक्याचा मुलगा : फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. लोपीस म्हणजे लोपोचा. लोपो हे नाव लांडग्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलं.
- सुरुवातीचा ‘डि’ म्हणजे ‘चा’ : डिसिल्वा म्हणजे रानातला, डिकॉस्टा म्हणजे किनाऱ्याचा. सोजा हे उत्तर पोर्तुगालमधल्या नदीचं नाव.
- झाडांवरून : परेरा म्हणजे नासपतीचं झाड, कार्व्हालो म्हणजे ओक, ऑलिव्हेरा म्हणजे ऑलिव्ह.

ही पद्धत जगभर दिसते. डच भाषेत यान्सेन म्हणजे यानचा मुलगा, तर फान डेन बेर्ख म्हणजे डोंगराकडचा. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागतो, तसंच हे.

आज अडचण कुठे?
इंग्रजीत डिसोजा लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येते. संगणकाच्या भाषेत हे चिन्ह मजकूर संपल्याची खूण असल्याने अनेक ऑनलाइन अर्ज ते स्वीकारत नाहीत. मग एका कागदावर चिन्ह, दुसऱ्यावर मोकळी जागा, तिसऱ्यावर सलग शब्द. मराठीतही डिसोजा, डिसोझा, डिसुझा अशी रूपं. माणूस एकच, पण यंत्राच्या लेखी नावं वेगळी. त्यामुळे आधार, पॅन, मतदार यादी आणि जमिनीच्या कागदांवरची नावं वेळीच ताडून पाहावीत. नवा अर्ज भरताना एकच रूप कायम ठेवावं.

आणि ‘तुम्ही मराठी का?’ या प्रश्नाचं काय? २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचे अध्यक्ष होते वसई तालुक्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो.