साटीनचा परकर आणि दहा आठवड्यांचा रविवार

एल्गिनला येऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आले, चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तर शेगडीपाशी एक उंच बाई टोमॅटोचा लालभडक भात हलवत उभी. डोक्याला जांभळा, चकचकीत रुमाल घट्ट गुंडाळलेला. मला वाटलं, डोकं दुखत असेल. आपल्याकडे नाही का, कपाळाला फडकं आवळून बांधतात. मी आपली सवयीने बामची बाटली पुढे केली. ती इतकी हसली, की भात खाली लागायची वेळ आली.

ती नायजेरियाची, एनुगू शहरातली. मी सांगलीची, मिरजेत नर्सिंग शिकलेली. २०२२ साली आम्ही दोघी काही आठवड्यांच्या अंतराने स्कॉटलंडच्या या गावात एका केअर होममध्ये नर्स म्हणून रुजू झालो आणि भाडं परवडेना म्हणून एकाच घरात राहायला लागलो. तिच्याकडेही नर्सला सिस्टरच म्हणतात, त्यामुळे आम्ही एकमेकींना सिस्टर म्हणायला लागलो ते आजतागायत. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. इंग्रजीत अगं-तुगं की अहो-जाहो हे ठरवावं लागत नाही, ही एक मोठी सोय.

एल्गिन हे इन्व्हरनेस आणि अ‍ॅबरडीनच्या मधलं गाव. आजूबाजूला बार्लीची शेतं, व्हिस्कीच्या भट्ट्या आणि समुद्रावरून येणारा बोचरा वारा. डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवेलागण. इथे माझे जे हाल झाले ते जेवणाचे आणि उजेडाचे. तिचे झाले ते केसांचे.

आधी कबूल करते, मला तिच्या केसांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचे केस खांद्यापर्यंत, सरळ आणि मऊ दिसायचे. मला वाटलं, तसेच असतील. ती आठ-दहा दिवसांनी एकदा न्हायची, तेव्हा मनात आलं, ही एवढी टापटिपीची बाई आणि डोकं का धूत नाही? बोलले नाही, एवढंच चांगलं केलं. पुढे तिनेच समजावलं, की हे केस मुळात स्प्रिंगसारखे कुरळे आहेत. रिलॅक्सर नावाच्या औषधाने ते कायमचे सरळ केले आहेत. आपल्या टाळूवरचं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत घसरत जातं, वळणावळणाच्या केसावरून ते जात नाही. त्यात औषधाने केस आणखी कोरडा झालेला. तो रोज धुतला तर झाडूची काडी होईल.

कायमचे सरळ म्हणजे जेवढे आहेत तेवढेच. मुळापासून नवा येणारा केस कुरळाच येतो. महिन्याला साधारण अर्धा इंच. आठ-दहा आठवड्यांत डोक्यापाशी कुरळा गालिचा आणि पुढे सरळ केस असा प्रकार होतो, आणि हे दोन जिथे भेटतात ती जागा सगळ्यात नाजूक. कंगवा जरा जोरात ओढला की केस तिथेच तुटतो. म्हणून दर आठ ते बारा आठवड्यांनी नुसत्या मुळांना पुन्हा औषध लावावं लागतं. तिचा हिशोब दहा आठवड्यांचा. एनुगूत हे काम शनिवारी पार्लरमध्ये व्हायचं, गप्पा मारत, दोन-तीन तास.

एल्गिनमध्ये ती एका सलूनमध्ये विचारायला गेली, तर तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की आम्ही तसले केस करत नाही. ‘तसले’ हा शब्द ती घरी येऊन दोनदा म्हणाली. मग अ‍ॅबरडीन. तिथे तेलाच्या धंद्यामुळे नायजेरियन वस्ती आहे, केस करणाऱ्या बायका आहेत. पण गाडीने दीड तास जायचं, दीड तास यायचं, भाडं आणि मजुरी मिळून शंभरेक पौंड, आणि त्या दिवशी सुट्टी मिळायला हवी. आमच्या ड्युटीच्या तक्त्याला तिच्या दहा आठवड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. जानेवारीत ती म्हणाली, ‘सिस्टर, पुढचं मी करीन, मागचं तू कर.’

रविवारी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात खुर्ची मांडली. आधीचे पाच-सहा दिवस डोकं धुवायचं नाही, खाजवायचं तर अजिबात नाही. नखाचा ओरखडा असला तरी औषध तिथे आगीसारखं झोंबतं. कपाळाच्या कडेला, कानांना, मानेला व्हॅसलीनचा जाड थर. जुन्या सरळ केसांनाही कंडिशनर फासायचा, कारण औषध तिथे पुन्हा लागलं तर केस मेलाच. मग डोक्याचे चार भाग पाडून, बारीक बारीक भांग काढत, हातमोजे घालून, फक्त नव्या केसाला लावायचं.

डब्यावरचं लेबल वाचून मी थबकले. कॅल्शियम हायड्रॉक्साइड! म्हणजे आमच्या आजोबांच्या पानपेटीतला चुना. लहानपणी एकदा बोटभर चुना जिभेला लावून बघितला होता, तो आठवडाभर पुरला होता. त्या मलमात दुसऱ्या बाटलीतलं पाणी मिसळलं, की केस सरळ करणारं खरं द्रव्य तयार होतं. पार्लरमधल्या दुसऱ्या प्रकारात तर सरळ कॉस्टिक सोडा असतो, मोरी तुंबली की ओततात तोच. केसाला आकार देणारे जे गंधकाचे बंध असतात, ते असल्या तीव्र अल्कलीने तोडायचे आणि केस पुन्हा वळायच्या आत विंचरून सरळ करायचा. घड्याळ लावून. कमी ठेवलं तर केस सरळ होत नाही, जास्त ठेवलं तर केसही जातो आणि कातडीही. शेवटी एका खास शाम्पूने तीन-चारदा धुवायचं. औषधाचा अंश असेपर्यंत फेस गुलाबी येतो, पांढरा आला की सुटलो.

या औषधाची कुळकथा तिनेच सांगितली. गॅरेट मॉर्गन नावाचा कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेत क्लीव्हलंडला शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. सुई गरम होऊन लोकर करपू नये म्हणून त्याने एक द्रव केला. हात पुसलेल्या लोकरीच्या फडक्याचे धागे सरळ झालेले बघून त्याने तो म्हणे शेजाऱ्याच्या कुरळ्या कुत्र्यावर लावून पाहिला, मग स्वतःच्या डोक्यावर, आणि १९१३च्या सुमारास त्याची कंपनी काढली. याच माणसाने पुढे रस्त्यावरच्या सिग्नलचं पेटंट घेतलं, १९२३ साली. कुत्र्याचं ऐकल्यावर मी हसले, तीही हसली. मग म्हणाली, ‘माझ्या आईने मला पहिल्यांदा लावलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कुत्र्याला निदान पळता आलं असेल.’

पहिला रविवार छान पार पडला. त्या उत्साहात मी तिच्या डोक्याच्या इतर दुखण्यांतही लक्ष घालायला लागले. इथल्या वाऱ्यात लोकरीच्या टोपीशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि लोकर केसातलं उरलंसुरलं तेल शोषते, वर घासून केस तोडते. सुती अभ्र्याचंही तेच. म्हणून तर तो रात्रीचा जांभळा रुमाल. माझ्या बॅगेत साटीनचा एक परकर होता, आईने हट्टाने दिलेला. स्कॉटलंडमध्ये साडी नेसायचा योग कधी येणार होता? तो कापून दोघींनी मिळून तिच्या टोपीला अस्तर लावलं. उरलेल्यात एक अभ्रा झाला. नाडीचा नेफा तेवढा उरला.

खोबरेल तेलाबद्दल मात्र आमची जुंपली. मी म्हणायचे, तेल चोप. ती म्हणायची, आधी पाणी, मग तेल. कोरड्या केसावर नुसतं तेल म्हणजे कोरडेपणावर झाकण. शेवटी न्हायच्या आदल्या रात्री तेल लावायचं ठरलं. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. हे मी तिला अभिमानाने सांगितलं. ‘ते तेल विकणाऱ्या कंपनीचेच लोक असतील,’ ती म्हणाली. शोधून पाहिलं, तर खरंच होते! तरी तेल चालू राहिलं. तिची टाळू मी चोळत असे, आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेली ती पन्नाशीची बाई तेवढा वेळ अगदी लहान दिसायची.

दुसरा रविवार मार्चमधला. माझ्या मुलाची दहावी चालू होती, गणिताचा पेपर तोंडावर होता. औषध लावून झालं, मी माझ्या फोनवर गजर लावला, आणि त्याच फोनवर मुलाचा फोन आला. रडत होता. ‘आई, मला काहीच आठवत नाहीये.’ मी बोलत बोलत बाहेर पायऱ्यांवर गेले. आतून हाक आली, ‘सिस्टर, भाजतंय.’ मी म्हणाले, ‘एकच मिनिट.’

ते मिनिट किती लांबलं ते मला अजून सांगता येत नाही. मुलाशी बोलत असताना गजर मला ऐकूच आला नाही. आत गेले तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या नळाखाली स्वतःच डोकं धरून उभी होती. अल्कलीने भाजलं की भरपूर पाणी, वीस मिनिटं तरी, हे मला झोपेतसुद्धा येतं. ते केलं. पण कानामागे आणि मानेवर फोड आलेच. दोन आठवड्यांनी मानेवरचे केस बोटभर राहिले, बाकीचे उशीवर. माझ्या परकराच्या अभ्र्यावर.

ती रागावली नाही. चार दिवस नुसतं कामापुरतं बोलली, पाचव्या दिवशी मुलाचा पेपर कसा गेला म्हणून विचारलं. ते मला जास्त लागलं.

अपराधी वाटायला लागलं की माणूस दुसऱ्याला उपदेश करायला लागतो. मी रात्री बसून वाचायला लागले. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, ३३,४९७ स्त्रियांचा. केस सरळ करणारी औषधं न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज त्यात होता. नेमक्या कोणत्या घटकामुळे, ते त्यातून ठरत नव्हतं. मी तो कागद छापून तिच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, सोडून दे आता. मूळचे वाढव.

तिने तो पूर्ण वाचला, नर्स वाचते तसा, आकड्यांवर बोट ठेवून. मग म्हणाली, ‘सिस्टर, आई म्हणाली सरळ कर. शाळेने सांगितलं काप. इथली पोरगी म्हणते तसले करत नाही. आता तू म्हणतेस, मूळचे ठेव. या डोक्याबद्दल मी सोडून सगळ्यांनी ठरवलंय.’

मला काय बोलावं सुचेना. माझ्या आजोबांची एक आत्या होती, आलवणातली. ती मी पाहिलेली नाही, नुसतं ऐकलंय, की दर पंधरवड्याला न्हावी यायचा तेव्हा ती आधीपासून मोरीत जाऊन बसायची. ही तुलना बरोबर नाही हे मला कळतं. पण त्या रात्री आठवली खरी. आणि तसं पाहिलं तर मी स्वतः दर महिन्याला केस काळे करते. कोणासाठी, हे मला तरी कुठे माहीत आहे?

पुढच्या वेळी ती अ‍ॅबरडीनला गेली. त्याच्या पुढच्या वेळी तिने आपणहून खुर्ची मांडली. तिचा फोन माझ्या हातात दिला, माझा बंद करून फ्रिजवर ठेवला. ‘आणि दहा नाही,’ म्हणाली, ‘आता सोळा आठवड्यांनी.’ वर्षात पाचाऐवजी तीनदा. मधले जास्तीचे आठवडे सांभाळायचे म्हणजे दोन जातीचे केस एकत्र वागवायचे. भरपूर कंडिशनर लावून, ओल्या केसातच, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे यायचं. एकदा प्रथिनांचा लेप, एकदा ओलावा, दोन्हींचा तोल. नशिबाने इथलं पाणी मऊ आहे. लंडनमधल्या तिच्या बहिणीला तिथल्या क्षारांपायी वेगळा शाम्पू आणावा लागतो.

गेल्या वर्षी तिची मुलगी आली, बारा वर्षांची. तिकडच्या शाळेत मुलींचे केस बारीक कापायचा नियम, त्यामुळे मुलासारखं डोकं. आता कापायचे नाहीत म्हणाली, आणि आईसारखं औषधही नको. आई काही बोलली नाही. नुसती कढईतला भात हलवत राहिली. केस आता कानापर्यंत आलेत, काळे, दाट, कापसासारखे.

रविवारी आता स्वयंपाकघरात खुर्चीसाठी नंबर लागतात. आईचं औषध, माझा कलप, पोरीचं तेल. परवा मी सवयीने माझी बारीक दातांची फणी उचलली, तर तिने मागे न बघताच हात वर केला.

‘आँटी, तेल चालेल. फणी नको.’