नक्षी शिल्लक होती, टायर संपला होता

आईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं, त्याला आता वर्ष होत आलं. हात बरा झाला, पोळ्या पूर्वीसारख्या गोल होतात. पण पाऊस लागला की ती अजून मनगट चोळत बसते. ते बघितलं की मला आमच्या स्कूटरचा पुढचा टायर आठवतो.

२०२४ चा जुलै. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, एकदा धरला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आईला शहापूरला मावशीकडे सोडून मी ऑफिसला जाणार होते. टिळकवाडीतल्या एका चौकात पुढची रिक्षा अचानक थांबली. माझा वेग पंचवीस-तीसच्या वर नव्हता. मी ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक नेमकं झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. कुणीतरी हिसकावून घ्यावं तसं हँडल बाजूला गेलं. माझा गुडघा खरचटला, तेवढंच. आईने मात्र पडताना हात टेकला.

दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा पहिलं वाक्य बोलले ते हे, "टायर तर चांगला होता की!"

आणि ते खोटं बोलत नव्हते. गाडी २०१८ ची. आदल्या वर्षी मागचा टायर गोटा झाला, तो त्यांनी बदलून घेतला. पुढच्यावर नक्षी चांगली दिसत होती. गाडी एकूण चौदा हजार किलोमीटरच चाललेली. "अजून दोन पावसाळे जातील," असं म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. आपल्या सगळ्यांच्या घरात असंच चालतं. चालणारी वस्तू टाकायची नाही, हा आपला संस्कार, आणि तो वाईट नाही. फक्त टायरच्या बाबतीत 'चालणारी' म्हणजे काय, ते आम्हाला माहीत नव्हतं.

ते कळलं आमच्या मेस्त्रीमामांकडे. गाडीचा आरसा आणि ब्रेकची मूठ बदलायला मी गाडी घेऊन गेले होते. त्यांनी पुढचं चाक फिरवलं, टायरच्या कडेला बोट ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, हे वाच."

लंबगोल चौकटीत चार आकडे होते, ४२१७.

"म्हणजे २०१७ सालचा बेचाळिसावा आठवडा. गाडी तुम्ही नंतर घेतलात, टायर त्याच्या आधीचा हाय. पावणेसात वर्षं झाली." मग त्यांनी अंगठ्याचं नख रबरात रुतवलं. ठसा उमटला नाही. शेजारच्या नव्या टायरवर तेच करून दाखवलं, तिथे नख सहज रुतलं. "रबर म्हणजे भाकरीगत. ताजी असली की वाकते, शिळी झाली की मोडते. नक्षी हाय की नाही ते नुसतं बघून काय उपयोग?"

नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. बाबा त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते. ते खाली बसले आणि बराच वेळ त्या टायरकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत.

टायर संपला हे ओळखायचं कसं?

गाडी रस्त्याला जिथे टेकते ती जागा तुमच्या तळहातापेक्षाही लहान असते. ब्रेक, वळण, तोल, सगळं त्या दोन तुकड्यांवर. कोरड्या रस्त्यावर पकड येते ती रबराच्या मऊपणातून. नक्षीचं खरं काम ओल्या रस्त्यावर असतं. खाचांतून पाणी बाहेर फेकलं जातं, म्हणून रबर रस्त्याला पोचतं. खाचा भरल्या तर पाणी मध्ये राहतं. रबर कडक झालं तर खाचा असूनही पकड सुटते. आमच्या गाडीचं हेच दुसरं झालं होतं, आणि त्यात ओल्या रंगाचा गुळगुळीत पट्टा आला.

म्हणून तीन गोष्टी बघायच्या.

पहिली झीज. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं असतात. त्या सरळ रेषेत खाचेच्या आत बघितलं तर एक बुटका उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर तर तिथपर्यंत थांबूच नये. नक्षी मध्येच बघा, कडेला नाही. आपण सरळच जास्त चालवतो, त्यामुळे मधला पट्टा आधी सपाट होतो आणि कडेची नक्षी नव्यासारखी दिसून फसवते.

दुसरी वय. ते चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचा, आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी काढायचा. गाडी दिवसभर उन्हात उभी राहत असेल तर रबर त्याच्याही आधी कडक होतं. "आमची गाडी चालतच नाही हो, घरीच असते," हे टायरचं वय कमी व्हायचं कारण नाही. उभ्या गाडीचाही टायर म्हातारा होतो.

तिसरी इजा. भेगा, कडेला आलेला फुगा, चिरलेली बाजू. कडेचा फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. टायरच बदलायचा.

दुकानात काय विचारायचं?

नवा टायर घ्यायला मी आणि बाबा दोघं गेलो. आमच्या टायरवर लिहिलं होतं ९०/१००-१० ५३जे. बाबांनी चष्मा लावून प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारला. ९० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के ते. १० म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ५३ हा वजनाचा आकडा, म्हणजे तो टायर २०६ किलोपर्यंत भार घेतो. जे म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग. मोटारसायकलच्या टायरवर पी दिसलं तर ती मर्यादा १५० असते.

कंपनीने दिलेलंच माप घ्या. रुंद टायर रुबाबदार दिसतो म्हणून कॉलेजची मुलं मागे मोठा टायर बसवतात. मूळच्या रिमवर तो नीट बसत नाही, त्याचा आकार बिघडतो. वळताना गाडी जड लागते आणि मायलेजही घटतं. वजनाचा आणि वेगाचा आकडा मूळच्यापेक्षा कमी असलेला टायर तर कुणी फुकट दिला तरी नको.

दुकानदाराने आधी एक टायर पुढे केला, "यावर सूट आहे." बाबांनी लगेच चार आकडे शोधले. तीन वर्षांपूर्वीचा निघाला. त्यांनी तो शांतपणे परत केला आणि म्हणाले, "या वर्षीचा दाखवा." आतून या वर्षीचा आला. मागितला नसता तर आला नसता. आयएसआयची खूणही त्यांनी बघून घेतली. जुन्या टायरवर नव्याने खाचा कोरून विकतात, त्याच्या वाटेला तर जाऊच नये. खोली वाढलेली दिसते, प्रत्यक्षात खालचं रबर पातळ झालेलं असतं.

ट्यूबलेस की ट्यूबचा, हे तुमच्या रिमवर ठरतं. तारांच्या साध्या रिममध्ये तारांच्या भोकांतून हवा जाते, म्हणून तिथे ट्यूब लागतेच. ट्यूबलेसचा फायदा असा की खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते. खिळा तिथेच उपटू नका, हवा भरून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जा.

आणखी दोन गोष्टी मेस्त्रीमामांनी बजावल्या होत्या. टायरबरोबर व्हॉल्व्हही नवा घालायचा, तो स्वस्त असतो. आणि टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो चाक पुढे जातं त्याच दिशेला आहे ना ते बसवतानाच बघायचं.

काही घरांत दोन्ही चाकांचं माप एकच असलं की मागचा झिजलेला पुढे आणि पुढचा मागे, अशी अदलाबदल करतात. ते करू नका. ब्रेक दाबला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक घसरलं तर गाडी सावरायला थोडी संधी मिळते, पुढचं घसरलं तर बहुतेक वेळा मिळत नाही. मला मिळाली नाही.

बसवल्यानंतर

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक नको, वाकून वळणं नकोत. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना. किती ते गाडीवरच्या चिकटपट्टीवर किंवा माहितीपुस्तकात असतं. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तेवढं लक्षात ठेवा.

आमचा टायर दीड हजाराच्या आत आला. आईच्या हाताचा एक्स-रे, प्लास्टर आणि नंतरचे व्यायाम यांचा हिशेब मी इथे मांडत नाही. सहा आठवडे तिला वेणीसुद्धा घालता आली नाही, ती मी घालत होते.

या उन्हाळ्यात आम्ही तिघं साखळीच्या आत्याकडे जायला निघालो. दोन स्कूटर, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बघते तर बाबा बॅटरी घेऊन दोन्ही गाड्यांच्या चाकांपाशी बसलेले. आता गल्लीतल्या पोरांच्या गाड्यांचेही आकडे ते वाचतात. "काका, काय शोधताय?" म्हटलं की त्यालाच खाली बसवून दाखवतात.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण त्या चाकाकडे कुणी बघत नाही. आमच्या घरी आता हार घालायच्या आधी चार आकडे मोठ्याने वाचायचे असं ठरलंय. आई म्हणते, "मीच वाचणार."