पिकअपचे टायर : खरेदी आणि हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘घसारा’ हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो. यंत्रसामग्री, इमारत, फर्निचर यांचा घसारा आपण वहीत काढतो, ताळेबंद जुळवतो आणि परीक्षा संपली की विसरून जातो. हाच घसारा डोळ्यांनी पाहायचा आणि बोटांनी चाचपायचा असेल, तर मालवाहू गाडीच्या टायरपाशी बसावे. तेथे तो दर किलोमीटरला घडत असतो. प्रस्तुत लेखात पिकअप गाडीचे झिजलेले टायर बदलताना काय पाहावे आणि त्याचा हिशेब कसा मांडावा, याचा विचार करावयाचा आहे.

आमच्या वाळपईच्या बाजूला, म्हणजे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, पिकअप ही चैनीची वस्तू नव्हे. बागायतीतील केळी, नारळ, सुपारी आणि हंगामात काजू खाली म्हापसा-फोंड्याकडे न्यायचे, आणि बेळगावकडची भाजी चोर्ला घाटाने खाली आणायची, हे काम या गाड्या करतात. बहुतेक ठिकाणी मालक तोच चालक असतो. गाडीवर बँकेचा हप्ता असतो. अशा माणसाला चार टायर एकदम बदलायची वेळ आली, की पंचवीस-तीस हजारांचा खड्डा पडतो. एवढा मोठा निर्णय तो दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या, ‘त्यातल्या त्यात स्वस्त दाखवा’ एवढ्या एका वाक्यावर घेतो. तोट्याला सुरुवात होते ती येथेच.

प्रथम प्रश्न, टायर बदलायचा केव्हा? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चारचाकी गाडीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ही खोली मोजायला वेगळे साधन लागत नाही. खाचांच्या तळाशी ठराविक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की त्याचे आयुष्य संपले. पण ही कायद्याची शेवटची रेषा झाली. या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. खाच उथळ झाली, की चाकाखालच्या पाण्याला वाट मिळत नाही. टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि चाक त्याच्यावर तरंगू लागते. मग स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. वाळपई म्हणजे गोव्यातील अति पावसाची जागा, आणि घाटात तर पाऊस अधिकच. म्हणून या भागात खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आली, की मिरगाच्या आधीच टायर बदललेले बरे. पावसाळा काढू आणि मग बघू, हा विचार नेमका उलटा आहे. झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर एक वेळ निभावतो, ओल्या रस्त्यावर मात्र नाही.

दुसरा प्रश्न, कोणता टायर घ्यायचा? याचे निम्मे उत्तर टायरच्या कडेवरच लिहिलेले असते. फक्त ते वाचता आले पाहिजे. अनेक लहान मालवाहू गाड्यांना ‘१८५ आर १४ एलटी ८ पीआर’ अशा मापाचा टायर लागतो. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. आर म्हणजे रेडियल बांधणी. १४ हा ज्या लोखंडी चाकावर तो बसतो त्याचा इंचातील व्यास. एलटी ही अक्षरे टायर हलक्या मालवाहू गाडीसाठी असल्याचे सांगतात. ८ पीआर हे ताकदीचे माप आहे. पूर्वी आत सुती धाग्याचे जितके पदर असत तितका हा आकडा असे. आज आत आठ पदर नसतात, पण आठ पदरांइतकी ताकद असा त्याचा अर्थ राहिला आहे.

यापुढे १०२/१०० असा एक आकडा आणि त्याला जोडून एक इंग्रजी अक्षर असते. अक्षर वेगाची मर्यादा दाखवते. एल असेल तर ताशी १२० किलोमीटर, क्यू असेल तर १६०. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तो आकडा. तो वजनाचा क्रमांक आहे. १०२ म्हणजे एका टायरने ८५० किलो वजन पेलावे. तिरक्या रेघेनंतरचा १०० हा एका बाजूला दोन चाके जोडून असतील तेव्हाचा, म्हणजे प्रत्येकी ८०० किलो. आता मोटारीचा एक टायर घ्या : १८५/७० आर १४, वजनाचा क्रमांक ८८. रुंदी तीच आणि चाकाचा व्यासही तोच. पण ८८ म्हणजे फक्त ५६० किलो. दोन्ही टायर एकाच चाकावर चढतात आणि दुसरा स्वस्तही मिळतो. बसतो म्हणून चालतो, असा समज करून घेणारा येथे फसतो.

हे वजनाचे गणित सोडवून पाहण्यासारखे आहे. समजा, रिकाम्या पिकअपचे ५०० किलो वजन मागच्या दोन चाकांवर आहे आणि हौद्यात भरलेल्या मालाचा ८५ टक्के भार मागे जातो. १,२५० किलो माल भरला तर मागे सुमारे १,५६० किलो होतील. दोन टायरांची मर्यादा १,७०० किलो. म्हणजे ठीक आहे. आता ‘एवढे चालते हो’ म्हणत १,८०० किलो भरले, तर मागे २,०३० किलो झाले. प्रत्येक टायरवर त्याच्या मर्यादेपेक्षा १६५ किलो जास्त. टायर त्याच क्षणी फुटत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. जादा भाराखाली टायरची कड दर फेऱ्याला अधिक वाकते, वाकण्याने उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने रबर व आतील दोरे यांची पकड सुटू लागते. घाट उतरताना ब्रेकची उष्णता त्यात भर घालते. मग एखाद्या दिवशी, कदाचित निम्मा माल असताना, टायर फुटतो आणि दोष त्या दिवशीच्या खड्ड्याला मिळतो.

तिसरा प्रश्न बांधणीचा आणि नक्षीचा. रेडियल टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये दोरे एकमेकांवर तिरके असतात. रेडियल कमी तापतो, सावकाश झिजतो आणि इंधनही थोडे वाचवतो. पण त्याची कड मऊ असते. बागायतीच्या वाटेवर चिऱ्याचे टोकदार तुकडे असतात. ते कडेला लागले तर टायर फाटतो, आणि कडेला पडलेली चीर भरवशाने दुरुस्त होत नाही. नक्षीचेही तसेच आहे. लांबीच्या दिशेने सरळ धारा असलेली नक्षी डांबरी रस्त्यावर शांत व सरळ चालते. मोठ्या ठोकळ्यांची नक्षी चिखलात पकड धरते, पण डांबरावर आवाज करते आणि लवकर झिजते. म्हणून दुकानदाराने ‘कोणता देऊ?’ असे विचारण्याआधी आपणच स्वतःला विचारावे, की आपली गाडी महिन्यात डांबरावर किती चालते आणि मातीच्या वाटेवर किती? मात्र रेडियल आणि तिरक्या दोऱ्यांचे टायर एकाच गाडीवर मिसळू नयेत. वळणावर त्यांचे वागणे सारखे नसते.

चौथी गोष्ट म्हणजे वय. टायरच्या कडेवर चार आकडे एका लंबगोलात कोरलेले असतात. २३२५ असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर वापरले नाही तरी जुने होते, कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. आमच्या काकांना एका दुकानात ‘कालच माल आला’ म्हणून दाखवलेल्या टायरांपैकी दोन चार वर्षांपूर्वीचे निघाले. काळी चकाकी सारखीच होती. आकडे वाचले म्हणून कळले. दुकानदाराशी भांडण झाले नाही. टायर बदलून मिळाले. तसेच कडेवर आयएसआयची खूण आहे ना, हेही पाहावे. केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशाने वाहनांच्या टायरांना ती सक्तीची केली आहे. पक्की पावती घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कर वाचवण्यासाठी बिनपावतीचा माल घेण्याचा मोह आणखी कमी व्हायला हरकत नाही. पावती नसेल, तर टायर सदोष निघाल्यावर कोणाच्या दारात जाणार?

आता आपल्या शाखेचा मुख्य भाग, परिव्यय. आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. एक टायर ६,००० रुपयांना मिळतो आणि ४०,००० किलोमीटर चालतो. दुसरा ७,५०० ला मिळतो आणि ६०,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरला १५ पैसे, दुसऱ्याचा साडेबारा पैसे. चार टायरांचे ६० आणि ५० पैसे. म्हणजे ६०,००० किलोमीटरला स्वस्त टायरांचा खर्च ३६,००० रुपये होतो आणि महाग टायरांचा ३०,०००. महिन्याला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हे अंतर कापायला २० महिने लागतील. सुरुवातीचे ६,००० रुपये जादा घालण्यासाठी दरसाल १२ टक्क्यांनी उसने काढले, तरी २० महिन्यांचे सरळव्याज १,२०० रुपये होते. ते वजा जाता ४,८०० रुपये उरतात.

पण हिशेब येथे संपत नाही. गाडी रोज चिऱ्यांच्या वाटेवर जात असेल आणि १५,००० किलोमीटरलाच कड फाटली, तर? महाग टायरचे ५,६२५ रुपयांचे आयुष्य फुकट जाते, स्वस्ताचे ३,७५०. म्हणून ‘महाग ते चांगले’ हा नियमही ‘स्वस्त ते फायद्याचे’ या नियमाइतकाच आंधळा आहे. आपल्या वाटेवर टायर झिजून संपतात की फाटून, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच बरोबर उत्तर मिळते.

झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून घेण्याची, म्हणजे रिमोल्डची, पद्धत आहे. ती मुळात वाईट नाही. सांगाडा धड असेल आणि काम चांगल्या ठिकाणी झाले असेल, तर खर्च पुष्कळ वाचतो. पण असा टायर पुढच्या चाकांना कधीही लावू नये. मागे रबर सुटले तर गाडी सावरण्याची आशा असते. पुढे सुटले तर स्टिअरिंगच हातातून जाते.

दोनच नवे टायर घेण्याइतके पैसे असतील तर ते कोठे लावावे, यावर चालकांत मतभेद आहेत. बहुतेक जण पुढे लावतात. टायर कंपन्यांचा लहान गाड्यांसाठीचा सल्ला मात्र नव्या टायरांची जोडी मागे लावावी असा असतो. कारण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी फिरते. माल उतरवून परतणारी पिकअप मागे हलकी असते, हे लक्षात घेता या सल्ल्यात तथ्य आहे. अर्थात पुढे राहणारे जुने टायरही धड असले पाहिजेत.

टायर घेतल्यावर तो टिकवणे हवेवर अवलंबून आहे. हवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना, भरावी. घाट उतरून टायर तापला की आतील दाब वाढतो. तेव्हा हवा सोडणे चूक, कारण थंड झाल्यावर ती कमी पडते. टायर दोन्ही कडांना झिजत असेल तर हवा कमी, मध्यभागी झिजत असेल तर जास्त, आणि एकाच कडेला झिजत असेल तर चाकांची जुळवणी बिघडली आहे.

ज्यांच्या घरी पिकअप आहे, त्या विद्यार्थिमित्रांना एक विनंती. आणि ही विनंती आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही आहे, कारण चोर्ल्याच्या वरच्या बाजूच्या गाड्यांना तोच घाट आणि तोच पाऊस आहे. घरी एक साधी वही करावी. टायर लावल्याची तारीख, किंमत, चार आकड्यांचा क्रमांक, त्या दिवशीचे किलोमीटर. आणि काढल्याच्या दिवशीचे किलोमीटर व काढण्याचे कारण, झिजला की फाटला. आपल्या वडिलांना किंवा काकांना गाडी चालवायला आपण शिकवू शकत नाही. ते आपल्यापेक्षा कितीतरी जाणतात. पण ही वही ठेवणे आपल्याला शिकवलेले आहे. पुढच्या वेळी ते टायरच्या दुकानात जातील, तेव्हा ती वही त्यांच्या खिशात असावी.