बावची आणि प्रकाशाने जागे होणारे रेणू
अमरावती-अकोल्याच्या काळ्या रानात उगवणाऱ्या बावचीच्या बियांत सोरालेन असते. अंधारात हा रेणू डीएनएच्या पायऱ्यांमध्ये नुसता शिरून बसतो. ३२० ते ४०० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला, की तो डीएनएतल्या थायमिनला जखडतो आणि पेशीचे विभाजन थांबते. याच कुळातल्या मेथॉक्सॅलेनवर आधारित प्रकाशोपचाराला त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमा या कर्करोगासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. एक मोठी मर्यादा: अतिनील किरण खोल जात नाहीत. म्हणून नवे रेणू अधिक खोल जाणारा लाल प्रकाश शोषतील असे रचतात. प्रोटोपॉर्फिरिन हा असाच प्रकाशाने जागा होणारा रेणू; ते तर निळ्या प्रकाशात लाल चमकून मेंदूतली गाठही दाखवते, हे विशेष सुंदर. बावची मात्र घरच्या घरी अंगाला लावून उन्हात बसू नये, त्वचा भाजते.