उघड्या डीएनएचे राखणदार

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. विदर्भाशी नातं सांगणारी अनेक मराठी घरं या शहरात आहेत. विदर्भ आणि छत्तीसगड यांच्यात एक दुखरं साम्यही आहे, ते सिकलसेलचं. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. या आजारावर हायड्रॉक्सियुरिया दिलं जातं. या औषधाचा परिणाम पेशीत जिथे जाणवतो, तिथेच एक प्रथिन पहारा देत असतं.

आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी घडवते. त्यासाठी तिथल्या पूर्वज पेशी सतत विभागत राहतात आणि प्रत्येक विभाजनाआधी ६०० कोटींहून अधिक अक्षरजोड्यांची नक्कल होते. हेलिकेज हे विकर दुहेरी डीएनए उलगडत पुढे जातं, मागून पॉलिमरेज नवा धागा जोडतं. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात डीएनए एकेरी आणि उघडा असतो. पीळ सोडवलेल्या सुताचे पेड हात काढताच पुन्हा गुंततात, तसे हे धागे परत जुळू पाहतात, नाहीतर स्वतःवरच दुमडतात. डीएनए कापणारी विकरं टपलेली असतातच. शिवाय सायटोसिन हे अक्षर बिघडून युरॅसिल होण्याचा वेगही एकेरी धाग्यात शंभरपटीहून जास्त असतो.

इथे एकेरी धाग्याला बिलगणारी प्रथिनं धावून येतात. ब्रूस अल्बर्ट्स यांनी टी-४ विषाणूतल्या अशा प्रथिनाचं वर्णन १९७० मध्ये केलं. जीवाणूंमध्ये त्याला एसएसबी म्हणतात, माणसात आरपीए. आरपीएचे तीन घटक मिळून सुमारे ३० अक्षरं झाकतात. कोणती अक्षरं आहेत याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्याची पकड पक्की, तरीही सरकती असते. पॉलिमरेज आलं की आरपीए जागा मोकळी करून देतं. घट्ट धरणं आणि वेळेवर सोडणं, दोन्ही साधल्यामुळेच नक्कल पुढे सरकते.

या संशोधनात भारताचाही वाटा आहे. क्षयाच्या जीवाणूतल्या एसएसबीची रचना बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन आणि उमेश वार्ष्णेय यांच्या गटांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक के. साईकृष्णन पुढे पुण्याच्या आयसरमध्ये प्राध्यापक झाले. चार साखळ्यांच्या या प्रथिनाची जुळणी ई. कोलाय या जीवाणूतल्या एसएसबीपेक्षा वेगळी निघाली.

आता औषधाकडे वळू. हायड्रॉक्सियुरिया डीएनएच्या अक्षरांचा कच्चा माल तयार करणाऱ्या विकराला अडवतं. माल कमी पडला की पॉलिमरेज रेंगाळतं, उघडा पट्टा लांबतो आणि त्यावर आरपीएची रांग लागते. ही रांगच धोक्याचा इशारा ठरते. तिच्याकडे एटीआर हे विकर ओढलं जातं आणि नव्या ठिकाणी नक्कल सुरू होणं थांबवतं. आरपीएचा साठा संपला तर काय होतं, हे कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं: नक्कल चालू असलेल्या जागी डीएनए एकाच वेळी तुटू लागतो.

सिकलसेलमध्ये ही गोळी मोजक्याच मात्रेत देतात. तिच्यामुळे बाळ गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि वेदनेचे झटके कमी होतात. पण मज्जेतलं विभाजनही मंदावतं, म्हणून रक्तपेशींची तपासणी नियमित करावी लागते. सिकलसेलच्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ही तपासणी कधीही चुकवू नये. मज्जेतलं विभाजन किती मंदावलं आहे, याचा अंदाज डॉक्टरांना त्याच आकड्यांतून येतो आणि त्यावरून पुढची मात्रा ठरते.