तिसऱ्या घेताना काय पाहावे?

तिसऱ्यांत प्रथिने आणि लोह चांगले असते. पण मेलेली शिंपली लवकर सडते आणि तिने होणारे जुलाब-उलट्या लहान मुलांना फार जड जातात. म्हणून वाटा घेण्याआधी तो आपण नीट पाहिला पाहिजे.

जिवंत शिंपली घट्ट मिटलेली असते. थोडी उघडी दिसली तर दुसऱ्या शिंपलीने टकटक करावे. मिटली तर घ्यावी, न मिटल्यास सोडावी. फुटक्या घेऊ नयेत. वास समुद्राच्या पाण्याचा हवा, कुजका नको.

माल कुठल्या खाडीतला, हे मावशींना जरूर विचारावे. शिंपली पाणी गाळून जगते, त्यामुळे पाण्यातली घाण तिच्या अंगात साठते. उकळल्याने जंतू मरतात, पण शिसे-पारा जात नाही. म्हणून गटार किंवा कारखान्याचे पाणी सुटते तिथल्या तिसऱ्या फुकट मिळाल्या तरी नकोत.

घरी आणल्यावर पिशवीत बांधून ठेवू नयेत. तासभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की वाळू सोडतात. मेलेल्या आधीच निवडून टाकाव्यात, विळीवर फोडल्यावर ओळखता येत नाहीत. अख्ख्या शिजवल्यास, तोंड उघडल्यावर आणखी पाच मिनिटे उकळू द्याव्यात. शेवटपर्यंत मिटलेली राहील ती खाऊ नये.